आधी पुस्तक की आधी प्रोजेक्ट? कोल्हापुरात वेब डेव्हलपमेंट शिकू पाहणाऱ्यांसाठी

क्लास लावायचा नाही किंवा परवडत नाही, घरात बऱ्यापैकी लॅपटॉप आहे आणि रात्रीचा तास-दीड तास हातात आहे. अशा माणसाने सुरुवात कुठून करावी? कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मुलं विचारतात, उद्यमनगरात दिवसभर मशीनवर उभे राहणारे विचारतात, घरच्या दुकानाचं वेब पान स्वतःच करू म्हणणारेही विचारतात. तिघांना एकच उत्तर दिलं तर निदान दोघांचं तरी नुकसान होतं.

खर्चाचा मुद्दा आधी मिटवून टाकू. इंग्रजीतलं चांगलं छापील पुस्तक महाग पडतं, पण त्यावाचून अडत नाही. जावास्क्रिप्ट, म्हणजे वेब पानाला हिशेब आणि हालचाल शिकवणारी भाषा, त्यावरचं ‘एलोक्वंट जावास्क्रिप्ट’ हे पुस्तक अख्खं वेबवर मोफत वाचता येतं आणि त्याची चौथी आवृत्ती २०२४ ची आहे. संदर्भाला मोझिलाचं एमडीएन आहे, म्हणजे वेबच्या भाषांची माहिती देणारी साइट, तीही फुकट. प्रोजेक्टचंही तसंच: कोड लिहायच्या व्हीएस कोड या प्रोग्रॅमला पैसे लागत नाहीत आणि साधं पान गिटहब पेजेस या सेवेवर मोफत चढवता येतं. म्हणजे खरा खर्च तुमच्या वेळेचा.

आता प्रोजेक्टची बाजू. पावसाळ्यात गावभर एकच आकडा फिरत असतो: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. पातळी टाकली की हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवणारं पान हा पहिल्या प्रोजेक्टसाठी मला सगळ्यात आवडणारा विषय. पुस्तकात ‘इफ-एल्स’ (असं असेल तर हे, नाहीतर ते) शिकवताना बहुधा वय १८ च्या वर आहे का, एवढंच विचारलेलं असतं. ते वाचून कळतं आणि आठवड्यात विसरतं. पंचगंगेचं पान विसरू देत नाही, कारण खरी माहिती पुस्तकातल्या उदाहरणासारखी शहाणी नसते.

बातमीत पातळी ‘३९ फूट १० इंच’ अशी येते. नवशिका ती ३९.१० अशी टाकतो. कॉम्प्युटरच्या लेखी ३९.१० आणि ३९.१ हा एकच आकडा, म्हणजे दहा इंच आणि एक इंच सारखेच झाले. मग डोकं खाजवून कळतं की सगळं इंचांत ठेवलेलं बरं: इशारा ४६८, धोका ५१६. फूट आणि इंचांसाठी वेगळे रकाने करायचे आणि हिशेब आत करायचा. एवढं जमल्यावर शेजारचे काका मराठी कीबोर्डवरून ‘४५’ टाइप करतात. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडे म्हणून वाचता येत नाहीत, त्यामुळे उत्तर येतं ‘एनएएन’, म्हणजे हा आकडाच नव्हे. एनएएन कशाहूनही मोठा किंवा लहान आहे का विचारलं तरी उत्तर ‘नाही’ असंच येतं. तुमच्या कोडमध्ये ‘५१६ पेक्षा जास्त तर लाल, ४६८ पेक्षा जास्त तर पिवळा, नाहीतर हिरवा’ असं असेल, तर नदी धोक्याच्या वर असताना पान हिरवंगार दिसेल. चुकीची माहिती आली तर काय करायचं, हा धडा इतका लख्ख दुसरीकडे मिळणं अवघड. (पान शिकण्यापुरतंच ठेवा. पुरात लोकांनी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचना बघायच्या, तुमचा रंग नव्हे.)

मग पुस्तक हवं कशाला? दुसरं उदाहरण घ्या. चपलांच्या दुकानाचं पान करायचंय, चाळीस जोड आहेत. फक्त करत-करत शिकणारा प्रत्येक जोडाचा चौकोन एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर आणि रचना लिहायच्या भाषेत) हाताने लिहितो, कॉपी-पेस्ट चाळीस वेळा. पान छान दिसतं, मालकही खूश. नंतर मालक म्हणतात, प्रत्येक जोडासमोर पायाचं मापही दाखव. इथे चाळीस ठिकाणी हात घालावा लागतो. ॲरे (यादी), ऑब्जेक्ट (एका वस्तूची सगळी माहिती एकत्र) आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) नावाची गोष्ट असते, हेच ज्याला माहीत नाही तो ती गुगलवर तरी काय म्हणून शोधणार? पुस्तक वाचलेल्याने ही प्रकरणं केलेली असतात, तो यादी एकदा लिहितो आणि चौकोन कोडकडून बनवून घेतो.

याच पानावर किमती कमी ते जास्त अशा लावताना आणखी एक गंमत होते. जावास्क्रिप्टची सॉर्ट, म्हणजे क्रम लावायची सोय, वेगळं सांगितल्याशिवाय आकड्यांना मजकूर समजते, म्हणून १२०० ची चप्पल ९५० च्या आधी येते, कारण १ हे ९ च्या आधी. उपाय नेटवर एका ओळीत मिळतो. कारण मात्र पुस्तकात नीट सापडतं, आणि कारण कळलं की हीच अडचण दुसऱ्या वेशात आली तरी ओळखता येते. दोन रकान्यांतले ४० आणि ३ मिळवल्यावर ४०३ का येतात, हेही मग सांगावं लागत नाही. ही भाषा १९९५ मध्ये घाईत तयार झाली आणि जुनी पानं मोडू नयेत म्हणून तिच्या कित्येक खोडी आजही तशाच ठेवल्या आहेत.

पुस्तकाचा मोठा दोष म्हणजे ते शिळं होतं. जावास्क्रिप्टचं सेकंडहँड पुस्तक घेताना आत लेट आणि कॉन्स्ट (कोडमध्ये माहितीला नाव द्यायचे नवे शब्द) आहेत का बघा. सगळीकडे नुसतं व्हार हा जुना शब्द दिसला तर ते २०१५ च्या आधीच्या वळणाचं. सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) पुस्तकात ग्रिड, म्हणजे रकाने-ओळींत मांडणी करायची पद्धत, नसेल तर तेही ठेवून द्या, कारण मोठ्या ब्राउझरांत ग्रिड २०१७ मध्ये आलं. दुसरा दोष भाषेचा. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी पुस्तकाची दहा पानंसुद्धा एका रात्रीला जड जातात. त्यावर तोडगा एकच: वाचताना प्रत्येक उदाहरण हाताने टाइप करायचं, नुसते डोळे फिरवायचे नाहीत.

एआयला सांगितलं की पंचगंगेचं पान चुटकीसरशी मिळतं, हे खरं. पण देवनागरी अंक टाकले तर ते हिरवं होतं का, हे तपासायचं कुणाला सुचणार?

माझा कौल असा. कॉलेजात असाल आणि पुढे यातच नोकरी हवी असेल, तर आधी पुस्तक, पण फंक्शन (नाव देऊन पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा), ॲरे आणि ऑब्जेक्टपर्यंतच. तिथे पुस्तक मिटा, एक प्रोजेक्ट पूर्ण करा आणि मगच उरलेलं वाचा. अख्खं पुस्तक संपवून मग हात घालू म्हणणारे बहुतेक मध्येच गळतात. कामावरून थकून येणाऱ्यांनी उलट करावं: पहिल्याच रात्री वेब पान करायला घ्यावं, अडेल तिथे एमडीएन, आणि तोच कोड तिसऱ्यांदा कॉपी करायची वेळ आली की पुस्तकाकडे वळावं. आणि ज्याला आपल्या दुकानाचं एक पानच हवंय, त्याला एचटीएमएल आणि सीएसएस पुरे, जावास्क्रिप्टचं पुस्तक घेऊच नये. फक्त दुकानाची जाहिरात डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये आली असेल तर ती तशीच चिकटवू नका, अक्षरांचा कचरा होईल. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं तसा, नव्याने टाइप करा. पहिल्या पानावर लॉगिन, पेमेंट किंवा गिऱ्हाइकांचे फोन नंबर साठवणं यातलं काहीही ठेवू नका. दुकानाचा पत्ता, वेळ आणि फोटो एवढ्यावर भागतं.