गिनी, सरकारी सुवर्ण मुद्रा की ब्रिटानिया? खोट्या नाण्यापासून कायदा किती वाचवतो आणि घडण किती

पाडव्याला किंवा धनत्रयोदशीला सोन्याचं नाणं घ्यायचं ठरलं की घरात बोलणं होतं ते भावाचं आणि घडणावळीचं. नाणं उद्या खोटं निघालं तर काय, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते निवड याच प्रश्नावर करावी. खोट्या नाण्याला आळा घालणाऱ्या गोष्टी दोनच: कायदा आणि नाण्याची घडण. आपल्यासमोर साधारण तीन पर्याय येतात. वारशाने आलेली किंवा सराफाकडे मिळणारी जुनी गिनी, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. भारत सरकारची सुवर्ण मुद्रा. आणि घरातलं कुणी लंडनला असेल तर तिथली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटिश टांकसाळीचं सोन्याचं नाणं. या तिन्हींची मदार वेगवेगळ्या गोष्टींवर आहे.

आधी कायदा पाहू. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ प्रमाणे खोटं नाणं पाडणाऱ्याला जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकून धीर येतो, पण इथे ‘नाणं’ या शब्दाचा अर्थ २०११ च्या नाणे कायद्यातून घेतला आहे: सरकारने पाडलेलं आणि कायदेशीर चलन असलेलं. सुवर्ण मुद्रेवर रुपयांत किंमत नाही, ती चलन नाही. त्यामुळे तिची नक्कल करून विकणं हा, मी कायदा वाचतो त्याप्रमाणे, फसवणुकीचा गुन्हा ठरतो. त्यासाठी कलम ३१८ आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत. दहा रुपयांच्या नाण्याला कायद्याचं जे कवच आहे, ते हजारो रुपयांच्या सुवर्ण मुद्रेला नाही.

ब्रिटानियाचं तसं नाही. एक औंसाच्या ब्रिटानियावर १०० पौंड ही किंमत असते आणि ती तिथलं कायदेशीर चलन आहे. गिनीही आजवर १ पौंडाचं कायदेशीर नाणं आहे. शिवाय ब्रिटनने १९८१ साली संरक्षित नाण्यांची, म्हणजे ज्यांची नक्कल करणं हा खोट्या नाण्याचा गुन्हा ठरतो अशा नाण्यांची यादी केली, तीत गिनीचं नाव स्पष्ट घातलं.

ते नाव का घालावं लागलं असेल, हे गिनीचीच कथा सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची टांकसाळ बाजारासाठी नव्या गिन्या पाडत नव्हती, आणि मध्यपूर्वेत व भूमध्य समुद्राभोवती त्यांना मागणी मात्र प्रचंड होती. त्यामुळे गिनीला तिच्यातल्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळू लागला. इटलीत आणि सीरिया-लेबनॉनकडे नकली गिन्या पाडल्या जाऊ लागल्या. यातल्या कित्येकांत सोनं जवळजवळ पूर्ण होतं! नफा सोनं चोरण्यात नव्हता, वरच्या भावात होता. प्रकरण स्वित्झर्लंडच्या न्यायालयात गेलं तेव्हा गिनी आता व्यवहारातलं चलन उरलेलं नाही, असा निर्णय आला आणि खोट्या नाण्याचा आरोप टिकला नाही. तिथे कायद्याचा हात आखडला. मग १९५७ पासून टांकसाळीने पुन्हा खऱ्या गिन्या पाडायला घेतल्या, म्हणजे वरचा भाव उतरेल आणि नकलेतला फायदाच संपेल. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो.

याचा आजच्या गिऱ्हाईकाशी संबंध असा: जुनी गिनी सोन्याच्या भावाने घेत असाल तर नकली गिनीचा फटका बहुधा सोसण्यासारखा असतो. ‘दुर्मीळ’ म्हणून चढा भाव दिला की धोका सगळा तुमचा. १९१८ साली मुंबईत पाडलेली, इंग्रजी ‘आय’ अक्षराची गिनी कुणी कौतुकाने दाखवली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय एक रुपयाही वर देऊ नका.

आता घडण. गिनीची ताकद तिच्या ठरलेल्या मापांत आहे: वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी सुमारे १.५२ मिलिमीटर, सोनं २२ कॅरेट. शिशाची घनता ११.३, शुद्ध सोन्याची १९.३. म्हणून हलक्या धातूवर मुलामा दिलेलं नाणं वजनात बसवलं तर जाड होतं, आणि मापात बसवलं तर हलकं. चांगला काटा आणि जाडी-व्यास मोजायचा कॅलिपर असला की घरबसल्या बरंच कळतं. कसोटीचा दगड आणि सराफाचं कॅरेटमीटर मुख्यतः पृष्ठभाग सांगतात, हे विसरू नका. टंगस्टन या धातूची घनता मात्र सोन्याच्या अगदी जवळ, १९.२५ आहे. तो कठीण आणि ठिसूळ असल्याने त्यावर बारीक नक्षी उठवणं अवघड, पण जाड नाण्यात किंवा बिस्किटात तो पोटात दडवता येतो. पातळ, लहान नाणं मला त्यासाठीच बरं वाटतं.

ब्रिटानियाची घडण तिन्हींत सरस आहे, यात मला शंका नाही. २०२१ पासून तिच्यावर कोन बदलला की कुलपाचं त्रिशूळ होणारं चित्र आहे, हलणाऱ्या लाटा आहेत, अतिसूक्ष्म रेषा आहेत आणि भिंगातून वाचायची अक्षरं आहेत: ‘डेकस एट टुटामेन’, म्हणजे भूषण आणि रक्षण. हेच शब्द १६६२ मध्ये इंग्लंडच्या क्राउन नाण्याच्या कडेवर आले, कारण तेव्हा लोक कडा कातरून चांदी काढून घेत. कॅनडात राहणाऱ्यांना मेपल लीफ हे तिथलं सोन्याचं नाणंही तितकंच भरवशाचं आहे.

सुवर्ण मुद्रा ५ नोव्हेंबर २०१५ ला आली. २४ कॅरेट, ५ आणि १० ग्रॅम, एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, वर बीआयएस हॉलमार्क. तिचं बरंचसं रक्षण सीलबंद पाकिटात आहे. पाकीट फोडलं की खरेपण पटवणं कठीण होतं, आणि पाकिटाचीही नक्कल होऊ शकते. म्हणून ती अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी, आणि कुंकू लावून पूजा करायची तर पाकिटावरच लावावं.

माझं मत: महाराष्ट्रात राहून नवं घ्यायचं तर सुवर्ण मुद्रा, पाकीट न फोडण्याच्या अटीवर. ब्रिटनमध्ये राहत असाल तर ब्रिटानिया, कारण कायदा आणि घडण दोन्ही तिच्या बाजूने आहेत. घरची गिनी असेल तर मोजा, तोला आणि ठेवा, नवी मात्र फक्त सोन्याच्या भावानेच घ्या. पुतळीला या हिशेबात धरू नका. ती मुळात व्हेनिसच्या डुकॅटवरून आलेली, आणि आपल्याकडे तिच्या नकला माळेत ओवण्यासाठीच उघडपणे घडवल्या गेल्या. तो दागिना आहे, दागिन्याच्या वजनाने आणि हॉलमार्कने घ्यावा. काहीही घेतलं तरी बिल पक्कं हवं, त्यावर वजन, शुद्धता आणि नाण्याचं नाव लिहून घ्या. फसवणुकीची तक्रार करायची वेळ आली तर पोलीस पहिल्यांदा तेच मागतील.