सिपना नदीच्या वाट्या : सात महिने वापरल्यावर

दिवाळीत नागपुरातल्याच एका सिरॅमिक कलाकार ताईंकडून स्टोनवेअरच्या, म्हणजे खूप तापवून भाजलेल्या टणक मातीच्या, सहा वाट्या आणि दोन कप घेतले. आता नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस, सुरू आहे. सात महिने रोज वापरल्यावर लिहितेय.

ताई दरवर्षी मेळघाटात कोलकासला, सिपनेच्या काठी जाऊन राहतात. सिपना म्हणजे तिथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत साग. अभयारण्यातून पानसुद्धा उचलून आणायचं नाही, म्हणून तिथून त्या फक्त चित्रं काढून आणतात. ग्लेझसाठी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरासाठी, सागाची राख मात्र नागपूरच्या आरा मशीनवरच्या भुशाची. ही राख भट्टीत सुमारे १२५० अंशांना वितळते आणि ओघळत खाली येते. माझ्या वाट्यांचा रंग ओल्या काळ्या बेसाल्टसारखा आहे आणि त्यावर हे हिरवट ओघळ उतरलेत. एका वाटीत तर ओघळ तळाशी साचून काचेसारखा डोह झालाय. जानेवारीत आम्ही कोलकासला गेलो, तेव्हा पुलावरून खाली बघताच लेक म्हणाली, "आई, आपली वाटी!"

वापरायला म्हणाल तर गोळाभातावर कडकडीत तेल घेतलं, सावजी रस्सा रात्रभर राहिला, तरी वाट्यांना डाग नाही की वास नाही. जाड असल्यामुळे या उन्हातही मठ्ठा बराच वेळ गार राहतो. वजन मात्र आहे. सासूबाईंचा हात दुखतो, त्या अजून स्टीलचीच वाटी घेतात.

तक्रारी दोन. बुडाला ग्लेझ नसतं, त्या खरखरीत कडेने डायनिंग टेबलाचं पॉलिश ओरखडलं. मी पॉलिश पेपर ओला करून बुडं घासली, तेव्हापासून त्रास नाही. दुसरी मोठी. दीड महिन्यात एका कपाच्या आत ग्लेझला बारीक तड्यांची जाळी पडली आणि त्यात चहा मुरून तपकिरी रेषा उमटल्या. भट्टी थंड होताना माती कमी आणि ग्लेझ जास्त आकसलं की त्यावर ताण राहतो, मग अशी जाळी कधीकधी महिन्यांनीही पडते. कप दाखवला तर ताईंनी एका शब्दाने वाद न घालता बदलून दिला आणि त्या घाण्यातले उरलेले कपही विक्रीतून काढले. मला ते फार मोलाचं वाटलं.

फ्रिजमधून काढून थेट मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, तडा जाऊ शकतो.

पावसाळ्यानंतरच्या भट्टीत ताटल्या निघणार आहेत. चार माझ्यासाठी ठेवायला सांगितल्यात, आणि सासूबाईंसाठी एक पातळ, हलकी वाटी.