समुद्रकाठी राहून हिमालयासाठी घेतलेला बूट : दिवाळी ते दसरा वापरल्यावर

लडाखच्या मरखा खोऱ्यात या बुटाने जेवढं सुख दिलं, तेवढाच आमच्या कोकणातल्या पावसात त्रास दिला. दोन्हीचं कारण एकच आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. बुटांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या किंवा थेट थंड मुलखातल्या माणसांनी लिहिलेलं असतं. गुहागरला घर, वर्षभर खारी दमट हवा, आणि ओढ मात्र सहा हजार मीटरच्या शिखरांची, अशा माणसाने बूट घेताना काय बघावं, हे मला एका जागी कुठे सापडलं नाही.

बूट घोट्याच्या वर येणारा आहे. सुएड चामडं आणि जाळीचं कापड, आत पाणी अडवणारं पातळ मेम्ब्रेन, मधला थर पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा, खाली खोल खाचांचा रबरी तळवा. एका पायाचं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, किंमत बारा हजारांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच बांधणीचे बूट अनेक कंपन्या विकतात आणि माझं म्हणणं बांधणीबद्दल आहे.

माप संध्याकाळी, ट्रेकचे जाड लोकरी मोजे घालून घेतलं. दिवसभरात पाय थोडा सुजतो, उंचीवर आणखी सुजतो, त्यामुळे नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा. लहानपणी अनवाणी हिंडलेल्या आमच्यासारख्यांचे पाय पंजाकडे पसरट असतात. अरुंद साच्याचा बूट दुकानात चालून जातो, पण लांब उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. हा साचा पुढे रुंद आहे, आणि माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा गुण ठरला.

हिवाळ्यात तो खेड तालुक्यातल्या रसाळगड, सुमारगड, महिपतगडच्या सोंडेवर रुळवला. सुमारगडाच्या आडव्या वाटेवर वाळलेलं गवत आणि खाली सुटा घसारा असतो. तिथे घोटा धरून ठेवणारा बूट किती उपयोगी, ते पटकन कळतं. उतरताना वरच्या हुकांच्या आधी नाडीला दुहेरी पीळ दिला की टाच मागे घट्ट बसते आणि पाय पुढे सरकत नाही. वजन मात्र जाणवतं. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंसारखा, हा ट्रेकर मंडळींचा जुना ठोकताळा मला तरी पटला.

मग जून आला.

मेम्ब्रेनची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ बाहेर जायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असावी लागते. आपल्याकडे जुलैत बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली, वाफ जाणार कुठे? शृंगारपूरहून प्रचितगडाच्या वाटेवर पहिल्या तासातच मोजे घामाने भिजले. पुढे ओढ्यात पाणी घोट्याच्या वरून आत शिरलं आणि आतच राहिलं, कारण जो पडदा पाणी आत येऊ देत नाही, तो बाहेरही जाऊ देत नाही. जाळीचा साधा बूट चालता चालता निथळतो. हा दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही वाळला नाही. शेवाळलेल्या कातळावर त्याचं कडक रबर घसरतंही. पावसात सह्याद्रीतली जुनी मंडळी अजून ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट घालतात, त्यामागे अनुभव आहे. जुलैपासून मीही पावसाळी भटकंतीला हलका, पाणी निथळणारा बूट वापरते आणि हा घरी ठेवते.

ऑगस्टमध्ये लेहला उतरलो. लेहचा बाजारच सुमारे ३५०० मीटरवर, म्हणजे १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे तेवढा एका रात्रीत कोसळतो. त्या कोरड्या हवेत या बुटाने त्याचं खरं काम दाखवलं. दिवसभर चालून संध्याकाळी बूट काढला तर मोजे जवळजवळ कोरडे! जुलैत फुकट वाटलेलं मेम्ब्रेन इथे पैसे वसूल करत होतं.

स्किऊपासून मरखा, हांकर, निमालिंग अशी आमची वाट. खोऱ्यात जर्दाळूची झाडं, मणी दगडांच्या, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या, लांबच लांब भिंती, होमस्टेमधली ऊबदार स्वयंपाकघरं, आणि वाटेवर धारदार सुटे दगड. खोल खाचांचा तळवा अशा वाटेवर खोटा पडत नाही. या तळव्यांची गोष्ट मला नेहमी हलवून जाते. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले. पायात पुरेसं चांगलं काही नव्हतं, हेही त्याचं एक कारण. त्यांचा सोबती व्हिताले ब्रामानी याने त्यानंतर खाचांचा रबरी तळवा घडवला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज आपण ज्याला साधा ट्रेकिंगचा तळवा म्हणतो, तो त्या सहा जणांच्या मागे आलेला आहे.

मरखा नदी ओलांडताना बूट गळ्यात आणि पायात पट्ट्यांच्या सँडल. बर्फ वितळून दुपारी पाणी चढतं, त्यामुळे नदी सकाळीच ओलांडायची. सुमारे ४८०० मीटरवरच्या निमालिंगला रात्री पाणी गोठलं. बूट तंबूत, पिशवीत घालून पायांशी ठेवला, म्हणून सकाळी लाकडासारखा कडक झाला नाही.

पुढे कांग यात्से दोनसाठी, म्हणजे साधारण ६२५० मीटरच्या शिखरासाठी, हा बूट चालत नाही. कोणी विक्रेता चालेल म्हणाला तर ऐकू नका. तळवा किती कडक यावरून बुटांची प्रतवारी बी-० ते बी-३ अशी असते. हा बी-०, तळवा वाकणारा, क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे काटे, त्यावर नीट बसत नाहीत आणि थंडीही अडत नाही. बर्फावर दुहेरी कवचाचा कडक बूट लागतो. तो लेहमध्ये भाड्याने मिळतो. मी तोच घेतला, मध्यरात्री निघून त्यातच चढले आणि बेस कॅम्पला परत येऊन आपला बूट पायात घातला तेव्हा पाय सुटल्यासारखे वाटले. तिथून कोंगमारू ला ही खिंड, सुमारे ५२६० मीटर. समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा प्राणवायू. दर पावलाला दम लागत होता, पण पाय कुठे दुखतोय याचा विचार एकदाही करावा लागला नाही.

आमच्याबरोबरच्या रत्नागिरीच्या दादांचं मात्र हांकरच्या अलीकडे वाईट झालं. त्यांचा बूट महागाचा, वरून नवाकोरा. आधी एकाचा तळवा टाचेकडून उघडला, तासाभरात दुसऱ्याचा. मधला थर हाताने चुरगळत होता. कित्येक वर्षं तो खोक्यात, पोटमाळ्यावर होता. पीयूची हवेतल्या ओलाव्याशी हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि त्याचे बंध तुटत जातात. बूट वापरला नाही तरी हे थांबत नाही, उलट उष्ण दमट जागी बंद ठेवला तर वेग वाढतो. म्हणजे आपली हवा बुटाला पोटमाळ्यावरच संपवते. दादांनी नायलॉनची दोरी आणि चिकटपट्टी गुंडाळून पुढचा पल्ला गाठला, पण खिंड बघायचं त्यांचं स्वप्न तिथेच राहिलं. मला ते फार लागलं.

त्यामुळे आता माझी रीत अशी : धुऊन, आतला सोल काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून पडवीत सावलीला वाळवायचा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात नाही, त्याने गोंद सुटतो. खोक्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. बुरशी दिसली की पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसायची. आणि पावसातही उघडीप मिळाली की घालून बाजारात एक फेरी.

तक्रारी दोन. नाडीचे वरचे हुक मार्चमध्येच गंजले. समुद्रापासून एवढ्या जवळ गंज अपेक्षित होता, पण या किमतीत तिथे चांगला धातू हवा होता. दुसरं, उजव्या बोटाकडे तळव्याची कड किंचित सुटली. सेवा केंद्राने फोटो मागवले आणि पुढे काही कळवलंच नाही. चिपळूणच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. ते शिवायला निघाले होते, त्यांना थांबवलं, कारण सुई आरपार गेली की मेम्ब्रेनला भोकं पडतात. त्यांनी पीयूचा गोंद लावून रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवला. अजून घट्ट आहे.

तुम्ही फक्त सह्याद्रीत, तेही पावसात फिरत असाल तर हा बूट घेऊ नका. लडाख, स्पिती, कुमाऊँ डोक्यात असेल आणि हिवाळ्यात घरच्या गडांवर तो रुळवायची तयारी असेल तर जरूर घ्या. बूट बनल्याची तारीख बहुतेक वेळा जिभेच्या आतल्या चिठ्ठीवर असते. ती बघा आणि दोन वर्षांपेक्षा जुना जोड सवलतीत मिळाला तरी सोडून द्या. जुना जोड घरात असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी मधल्या थरात अंगठा जोरात दाबून पाहा. भेगा उमटल्या, चिकट लागला किंवा भुगा पडला तर तो बूट घेऊन जाऊ नका.