शनिवारची संध्याकाळ: कॉयर, कोर्ट, लेखनिक की मोबाइल?

जून उजाडला, की उपासना सुटल्यावर पोर्चमध्ये कुणीतरी मला गाठतंच. "सलाम ताई. आई म्हणते कॉयरला गायला जा, बाबा म्हणतात खेळायला जा. मला तर शनिवारी नुसतं पडून राहावंसं वाटतं." भायखळ्याच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचं काम करायला लागून मला बारा वर्षं झाली, पण हा प्रश्न मला कधी किरकोळ वाटला नाही.

आधी पडून राहण्याबद्दल. बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूचे शिष्य काम करून परत येतात. लोकांची एवढी ये-जा चाललेली असते की त्यांना जेवायलाही सवड नसते. तेव्हा प्रभूच त्यांना एकांतात येऊन जरा विसावा घ्यायला सांगतो. शाळा, क्लास आणि लोकलच्या गर्दीतून दमून आलेल्या मुलाने दुपारी दोन तास ताणून दिली, तर त्याने देवाचा वेळ चोरला असं मुळीच नाही. खुशाल झोपा. ठरवायचं आहे ते संध्याकाळचं. त्यासाठी मी मुलांना दोन गोष्टी विचारते: जे कराल ते दोन तास करून उठाल तेव्हा कसं वाटेल? आणि तुम्ही गेला नाहीत, तर कुणाच्या लक्षात येईल का?

कॉयरला खर्च काही नाही. 'उपासना संगीत' हे भक्तिगीतांचं पुस्तक बहुतेक घरांत असतंच. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी रेव्ह. ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हणताना जीभ आपसूक मराठीवर येते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, कारण घरी प्रार्थना करतानाही त्यांना पुष्कळदा मराठी शब्द सापडत नाहीत. नाताळची गीतं चार आवाजांत बसवतो. त्यात आल्टोची, म्हणजे मुलींमधल्या खालच्या आवाजाची, एक मुलगी आली नाही, तर उरलेल्या तिघी वरच्या, सोप्रानोच्या ओळीवर घसरतात. म्हणजे कोण आलं नाही ते पहिल्या कडव्यातच कळतं.

अडचण मुलग्यांची होते. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, वरचा सूर लावताना चिरकतो, बाजूच्या मुली हसतात आणि पुढच्या शनिवारपासून तो मुलगा येईनासा होतो. अशा मुलाला मी वर्षभर गायला लावतच नाही. टाळ द्यायचा, नाहीतर तबल्यापाशी बसवायचं. आवाज बसला की तो आपणहून बासमध्ये, सगळ्यात खालच्या आवाजात, जाऊन उभा राहतो.

खेळाच्या कोर्टाकडे बघून नाक मुरडणारी वडीलधारी माणसं आमच्याकडेही आहेत. त्यांना मी सांगते, बास्केटबॉल १८९१ साली वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्याच एका शिक्षकाने अमेरिकेत शोधून काढला. चार वर्षांनी व्हॉलीबॉल आला, तोही वायएमसीएतूनच. ख्रिस्ती तरुणांनी मोकळ्या वेळी काय करावं, या काळजीच्या पोटी हे खेळ जन्माला आले. शेजारच्या नागपाड्यात आजही बास्केटबॉलचं वेड आहे. अमेरिकन मराठी मिशन या आपल्या मिशनरी संस्थेने तिथेच नेबरहूड हाउस हे शेजाऱ्यांसाठीचं समाजकेंद्र उभं केलं होतं, आणि १९३६ साली टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली तीही त्याच वास्तूत. आपल्या मिशनने त्या काळी सगळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं, मग आपल्या मुलांनी त्यांच्याबरोबर खेळायला का बिचकायचं? दोन तास खेळून आलेलं मूल पोटभर जेवतं आणि गाढ झोपतं. पाच जणांच्या टीममध्ये एक कमी असला की घरी फोन येतो. दोन्ही प्रश्नांत कोर्ट पास. फक्त सामने रविवारी सकाळी असतात आणि उपासनाही त्याच वेळी. त्याचं काय करायचं ते प्रशिक्षकांशी पहिल्या दिवशीच बोलून घ्या, नंतर अवघड होतं.

लेखनिकाचं काम तर पुष्कळ मुलांना माहीतच नसतं. दृष्टिहीन विद्यार्थी उत्तर सांगतो, लेखनिक ते लिहितो. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, त्यामुळे इथे मोठ्यांचा उपयोग नाही, तुमचाच आहे. आमच्या संघातली नववीतली एक मुलगी दहावीचा गणिताचा पेपर लिहायला गेली होती. तो मुलगा सांगत होता, "कंसात एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग." तिसऱ्या पायरीवर त्याने उणेच्या जागी अधिक सांगितलं. तिच्या ते लक्षात आलं. पण लेखनिकाने सांगितलं तेवढंच लिहायचं, सुचवायचं नाही. तिने अधिकचंच चिन्ह लिहिलं आणि पुढची ओळ ऐकायला मान खाली घातली. केंद्राबाहेर येऊन मला फोन केला तेव्हा ती रडत होती. "ताई, मी बरोबर केलं ना?" मी म्हटलं, "त्याचा पेपर तू त्याचाच राहू दिलास." ती मला एवढी मोठी झालेली त्याआधी कधी दिसली नव्हती.

अर्थात हे काम परीक्षेच्या दिवसांपुरतं. अक्षर स्वच्छ हवं, प्रश्न सावकाश वाचता यायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा पेपर असेल तर जाऊ नये.

मोबाइलला मी पाप म्हणत नाही. नगरच्या मावसभावाबरोबर अर्धा तास गेम खेळणं ही एक प्रकारे भेटच आहे. पण एकट्याने रील्स सरकवत बसलं, की दोन तासांनी डोळे चुरचुरतात, काय पाहिलं ते सांगता येत नाही, आणि तुम्ही तिथे होतात की नव्हतात याची कुणाला गंधवार्ता नसते.

मग कोणी काय निवडावं? ज्यांचे सगळे मित्र मंडळीतलेच आहेत, त्यांनी कोर्टावर जावं. ज्यांना मंडळीत बोलायला कुणी नाही, त्यांनी कॉयरमध्ये यावं. एका पुस्तकात दोघींनी डोकं घातलं की ओळख आपोआप होते. शांत स्वभावाच्या, नीटनेटक्या मुलांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखनिक व्हावं. कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्यांनी शनिवारीही भायखळा गाठायचा हट्ट धरू नये. रविवारी मेगाब्लॉकमध्ये लटकून येता तेवढं पुरे, शनिवारी घराजवळचं मैदान बघा. आणि सगळं एकदम धरू नका, दोन महिने एकच करून बघा.

आमची प्रॅक्टिस शनिवारी साडेपाचला असते. आल्टोत सध्या तिघीच आहेत.