नाशिकच्या भांडी बाजारातील कल्हईचे दुकान

आई गेल्यानंतर माळ्यावरून उतरवलेली तिची पाच पितळी भांडी, म्हणजे दोन पातेली, एक तपेले, एक गंज आणि एक ठोक्याची परात, मी गेल्या महिन्यात कल्हईसाठी दिली. दुकान भांडी बाजारातून गोदाघाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात आहे. त्याला पाटी नाही, पण बाजारात कोणालाही कल्हईवाले विचारले की बोट तिकडेच दाखवले जाते. चारचाकी आत नेण्याच्या भानगडीत पडू नये; रविवार कारंज्याकडून पायी जाणेच सोयीचे पडते.

उणी बाजू आधी सांगते. चार दिवसांचा वायदा होता, भांडी सहाव्या दिवशी मिळाली आणि त्या दिवशीही एक पातेले व्हायचेच होते. पावती मिळत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने कानाला बांधून त्यावर आकडा लिहितात, तीच खूण. मात्र राहिलेल्या पातेल्यासाठी तासभर बाकड्यावर बसावे लागले म्हणूनच मला सगळे काम डोळ्यांसमोर पाहता आले.

भांडे आधी तेजाबाच्या पाण्याने आणि वाळूने घासून निघते. मग कोळशाच्या भट्टीवर चिमट्यात धरून ते फिरवत फिरवत तापवतात आणि कापसाच्या बोळ्याने नवसागराची पूड आतून फिरवतात. पांढरा धूर उठतो आणि धातूवर चढलेला काट सुटतो. त्यानंतर कथलाची कांडी तळाला टेकवली की ती पाघळते आणि तोच बोळा तिला काठापर्यंत पसरवत नेतो. भात्याच्या जागी आता विजेचा ब्लोअर आला आहे, पण आच ओळखायची ती अजूनही डोळ्यानेच, कारण भांडे कमी तापले तर कथील धरत नाही आणि जास्त तापले तर काळवंडते. उघड्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते; ही पातळ कथलाची साय त्यासाठीच असते.

कथलात शिसे मिसळून काम स्वस्तात उरकण्याचा प्रकार नवा नाही, आणि शिसे पोटात जाणे घातक असते. म्हणून मी थोड्या संकोचानेच विचारले, “काका, कथील शुद्ध असतं ना?” त्यांनी उत्तर दिले नाही. एक नवी कांडी उचलली, माझ्या कानाजवळ आणून हळूच वाकवली. बारीक करकर ऐकू आली. शुद्ध कथील वाकवताना असे करकरते, शिसे मुकाट्याने वाकते, हे मला पुढे समजले. माझ्या शंकेचा त्यांनी जराही राग मानला नाही आणि कांडी भट्टीशेजारी ठेवून पुन्हा कामाला लागले.

दुकान रामकुंडापासून जवळ असल्यामुळे दहाव्याच्या विधीसाठी आलेली माणसे या बोळातून जात येत असतात. मी बसले असताना मुंडन केलेला, विशीतला एक मुलगा दाराशी थांबला आणि त्याने तांब्याची किंमत विचारली; घरून आणायचा राहिला असावा. पायरीवर तीन-चार जुने तांबे उपडे ठेवलेले होते. काकांनी त्यातला एक त्याच्या हातात दिला, “घेऊन जा, येताना ठेव,” एवढेच म्हणाले आणि लगेच भट्टीकडे वळले. कोण गेले, कुठून आलात, यातले काहीही विचारले नाही. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही, आणि ते त्याच्यासाठीच होते असे मला ठामपणे वाटते, कारण त्याचे डोळे भरलेले होते. अर्ध्या-पाऊण तासाने तो परतला, ओला तांब्या जागेवर उपडा ठेवला, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि गेला. काकांची पाठ तेव्हाही दाराकडेच होती.

माझी भांडी पुढ्यात आली तेव्हा पाचही लखलखत होती, पण प्रत्येकाच्या काठाखाली दोन बोटे रुंदीची एक पट्टी काळपट राहिलेली दिसली. मी म्हटले, “काका, इथं राहिलंय.” ते म्हणाले, “ताई, घरी उजेडात बघा.” उजेडात पाहिले तर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे होती: आईचे माहेरचे नाव, “मामाकडून” आणि सन 1971. पॉलिशच्या मशीनवर ती अक्षरे झिजतात. काही वर्षांपूर्वी शहरातल्याच एका दुकानात आजीच्या घागरीवरचे नाव असेच कायमचे पुसले गेले होते, तरी या वेळी सांगायचे मी विसरले होते. येथे न सांगता पाचही भांड्यांवर मशीन नावाच्या अलीकडे थांबवले होते, आणि जवळून पाहिल्यावर कळले की अक्षरांच्या फटींतला मळ कोणीतरी बारीक काडीने हाताने काढला आहे. या कामाचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.

दुकानाच्या भिंतीवर 2019 च्या ऑगस्टमधील पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. गिऱ्हाइकांची भांडी ज्या फळीवर ठेवतात ती त्या रेघेच्या वर आहे. त्यांचे स्वतःचे पत्रे आणि हत्यारे खाली, जमिनीवर असतात.

पाच भांड्यांचे मला 1,350 रुपये पडले. दर आकारावर ठरतो. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये; थर पातळ असतो, म्हणून तारेच्या घासणीनेही घासू नये. दिवाळीच्या तोंडावर तेथे फार गर्दी होते, तेव्हा भांडी नवरात्रापूर्वीच टाकावीत. नावाबद्दल सांगायचे राहिले तरी चालेल. पोचे काढायचे असतील तर मात्र सांगावे लागते, कारण विचारल्याशिवाय ते एकही पोचा काढत नाहीत.