कूल-स्टॉपचे सॅमन ब्रेक शू : घाटातल्या पावसासाठी

सायकलला डिस्क ब्रेक नसतील, रिमवर म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर आवळणारे व्ही-ब्रेक असतील आणि पावसाळ्यातही घाट चढायचा-उतरायचा असेल, तर कूल-स्टॉप कंपनीचे हे शू, म्हणजे रिमवर दाबले जाणारे रबरी ठोकळे, जरूर घ्या. मी साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागणं हा माझा ठरलेला मार्ग, आणि जुलैत तिथून उतरताना रस्ता, रिम, हात सगळं ओलं असतं.

साताऱ्यातल्या दुकानांत हे मिळाले नाहीत. पुतण्याने अमेरिकेहून येताना आणले. रंग विटकरीकडे झुकणारा गुलाबी, म्हणूनच नाव सॅमन. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की आधी पाणी पुसलं जातं, मग पकड येते. कोणत्याही शूचं असंच. पण यांची पकड माझ्या आधीच्या काळ्या रबरांपेक्षा स्पष्टपणे लवकर येते. कोरड्यात म्हणाल तर फारसा फरक नाही.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की रिम कमी खरवडली जाते. पावसात वाळू आणि रिमचेच ॲल्युमिनियमचे कण रबरात रुततात आणि पुढे तेच रिम कातरत राहतात. म्हणून शू बदलायची वेळ झाली का, हे रबरावरच्या नुसत्या खाचांवरून ठरवू नका. खाचा बुजल्या किंवा झिजेची रेघ आली की बदलायचे, हे खरंच. पण चाक काढून रबराचा चेहरा बघा. चकाकणारे ठिपके दिसले तर टोकदार सुईने काढा. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर पॉलिश पेपर मारा. नख रुतत नसेल, रबर वाळून टणक झालं असेल, तर जाडी शिल्लक असली तरी ते गेलंच समजा. एका कडेला ओठासारखी पाळ सुटली असेल तर शू रिमवर नीट बसत नाही. पाळ ब्लेडने कापून शू सरळ करा.

लिव्हर हँडलला टेकायला लागला की मेकॅनिक केबल ओढून देतो. लिव्हर पुन्हा कडक होतो आणि झीज मात्र लपते. केबल ओढून घेताना प्रत्येक वेळी रबर किती उरलंय ते पाहाच. रबर संपून आतलं लोखंड रिमला लागलं तर रिमच बदलावी लागते, आणि रिम बदलायची म्हणजे आरे नव्याने विणणं आलं.

बसवताना शूचं पुढचं टोक रिमला किंचित आधी टेकेल असं ठेवा, नाहीतर ब्रेक किंचाळतात. मी मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरून नट आवळते. रबर वेगळं सरकवून बसवायचं धातूचं होल्डर असेल तर त्याची बंद बाजू चाक फिरतं त्या दिशेला, म्हणजे पुढेच हवी. उलटं बसलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर रबर निसटून बाहेर येऊ शकतं. एका चाकाचे दोन्ही शू एकदमच बदला.

गावातल्या गावात, कोरड्या दिवसांत सायकल चालवणाऱ्यांनी साधे शू वेळेवर बदलले तरी पुरेसं आहे. त्यांनी हे परदेशातून मागवायची गरज नाही.