ईआयडी त्यांनी पाठवला, सिम माझं गेलं, सोबत १,८४,६५० रुपये

आधी एक सांगून टाकतो, कारण मेहुण्यापासून पोलिसापर्यंत प्रत्येकाने मला हेच विचारलंय. ओटीपी दिला नाही. पिन दिला नाही. लिंक उघडली नाही, अ‍ॅप उतरवलं नाही. एक मेसेज पाठवला, तोही मोबाइल कंपनीच्या खऱ्या नंबरवर, आणि खात्यातून १,८४,६५० रुपये गेले.

कराडात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. माझा मोबाइल नंबर पाटीवर आहे, बिलबुकावर आहे, जीएसटीला जोडलेला आहे. गवंडी, प्लंबर सगळे यावरच फोन करतात. तो बंद पडणार म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला अर्धा इंची एल्बो मोजून देत होतो. पलीकडचा म्हणाला, मोबाइल कंपनीतून बोलतोय. अस्सल मराठीत बोलत होता, ‘काका’ म्हणत होता. माझं नाव, पत्ता, प्लॅन, रिचार्ज कधी संपतं, सगळं त्यानेच सांगितलं. जुनी सिमं बंद होतायत, ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनच्या आतल्या चिपवर चालणारं सिम) करून घ्या, कंपनीच्या गॅलरीत यायला नको, पैसे लागत नाहीत. पुढचं तुम्हाला पाठच असेल: घाई, थोडा धाक, मग परत गोड बोलणं.

मग त्याने व्हॉट्सॅपवर एक तयार मजकूर पाठवला. आधी ई-सिम मागणीचा शब्द, त्यानंतर ‘८९’ने सुरू होणारा ३२ आकडी नंबर, शेवटी आणखी १५ आकडे. “काका, हा जसाच्या तसा कंपनीला पाठवा.” मी विचारलं, हा लांबलचक नंबर कसला? तो म्हणाला, “तुमच्या ई-सिमचा ओळख क्रमांक, ईआयडी. आम्ही सिस्टिममधून काढून दिलाय, तुम्ही कुठे शोधत बसणार!”

हेच ते वाक्य. रात्री झोपेतून उठून मला हेच ऐकू येतं. माझ्या फोनचा नंबर आणि तो मला कोण सांगतोय, तर फोन न बघितलेला माणूस!

ईआयडी म्हणजे काय ते मला नंतर भाच्याने सांगितलं. ई-सिमची चिप फोन बनतानाच आत बसवलेली असते आणि तिचा हा कायमचा क्रमांक. आयएमईआय (मेसेजातले शेवटचे १५ आकडे) हँडसेटचा, ईआयडी त्या चिपचा. तुमचं सिम हवेतून कुठल्या फोनात उतरवायचं हे कंपनी त्यावरून ठरवते. म्हणजे तो मेसेज पाठवून मी कंपनीला लेखी कळवलं की माझा नंबर अमक्या फोनात टाका. आणि तो अमका फोन त्या भामट्याच्या खिशात. तुमचा ईआयडी तुमच्याच फोनात असतो. *#०६# दाबा, आयएमईआयच्या जोडीला दिसतो. आयफोनला सेटिंग्ज, जनरल, अबाउट. बाकीच्यांना सेटिंग्जमध्ये अबाउट फोन किंवा त्याच्या आतलं स्टेटस. दुसऱ्या कुणी ‘हा घ्या तुमचा ईआयडी’ म्हणून पाठवला, तर तो त्याच्या फोनचा आहे. फोन ठेवा, पुढचं ऐकूच नका.

सगळं झाल्यावर मी *#०६# दाबलं. दोन आयएमईआय आले. ईआयडी आलाच नाही. माझ्या साडेअकरा हजारांच्या फोनात ई-सिमची सोयच नाही! ज्या फोनात ई-सिम बसूच शकत नाही त्याचा ईआयडी त्याने ‘सिस्टिममधून’ काढला, आणि मी आकडे चुकू नयेत म्हणून चष्मा लावून ते दोनदा ताडून पाहिले. कशाशी? त्यानेच पाठवलेल्या मजकुराशी.

पण मला सांगा, हे मला कोण शिकवणार होतं? कॉलर ट्यूनपासून बँकेच्या भिंतीपर्यंत ओटीपी, ओटीपी आणि ओटीपी. ईआयडी हा शब्द माझ्या कानावर कधी आलाच नव्हता. शिवाय कंपनीचं उत्तर खरंच कंपनीकडून आलं. खात्री करायला आलेला फोनही कंपनीचाच होता, आवाज नेहमीचा, ‘मान्य असेल तर एक दाबा’. तिकडे भामटा दुसऱ्या नंबरवरून सांगतोय, काका, आता फोन येईल, एक दाबा. खोटं त्यात फक्त एकच होतं, त्या मेसेजातले आकडे. बाकी सगळं चोख. शिकलेल्या माणसाला कळलं असतं म्हणणाऱ्यांनी आत्ता, न बघता, स्वतःच्या ईआयडीचे शेवटचे चार आकडे सांगून दाखवावेत.

नेटवर्क गेलं. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, “चोवीस तास जाईल, घाबरू नका, फोन बंद-चालू करू नका.” या चोवीस तासांचं इंगितही नंतरच कळलं. सिम बदललं की चोवीस तास त्या नंबरचे एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार खात्याचा नियम आहे. खऱ्या मालकाला बोंब मारायला वेळ मिळावा म्हणून. तोच वेळ त्याने मला गप्प बसवण्यात घालवला. दुसऱ्या रात्री माझे ओटीपी त्याच्या फोनवर वाजायला लागले. त्याने नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला, १,२०,००० ची एफडी मोडली. मग ५०,०००, मग ४९,५००, मग ८५,१५०. खात्यात राहिले ३१२ रुपये. एफडी मुलीच्या कॉलेजच्या फीची होती, मुदत संपायला दीड महिना होता. नेटवर्क आपोआप गेलं आणि शेजाऱ्याच्या फोनला रेंज आहे, तर एक मिनिट थांबू नका. त्याच्याच फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा. नेटबँकिंग लागत नसेल तर बंद करून घ्या. मी सहा वर्षांत ते वापरलं नव्हतं, चोराने वापरलं.

आता यंत्रणा. सकाळी दुकानातल्या पोराच्या फोनवरून १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावला; व्यस्त, व्यस्त, मग संगीत, मग कट. तरी लावत राहा, तिथे जितक्या लवकर नोंद होईल तितके पैसे पुढच्या खात्यात अडकायची शक्यता. माझे १४,२०० अडकले. बाकीचे तोवर तीन-चार खाती फिरून एटीएममधून निघाले होते. अडकलेलेही मिळालेले नाहीत, त्यासाठी कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलो. टाय लावलेला पोरगा स्क्रीन बघून म्हणाला, “रिक्वेस्ट तुमच्याच नंबरवरून आलीय सर, प्रोसेस बरोबर झालीय.” म्हटलं, नवीन सिम तरी दे. तर म्हणतो, व्हेरिफिकेशनसाठी ओटीपी जाईल. कुठे? त्याच नंबरवर! काउंटरवर आवाज चढवला तेव्हा आतून मॅनेजर आला आणि आधार, फोटो घेऊन सिम दिलं. ज्या फोनात ई-सिम चालतच नाही त्या फोनातून ई-सिमची मागणी आली, हे कंपनीच्या कॉम्प्युटरला दिसत नव्हतं का? यावर मॅनेजर म्हणाला, मेल करा. मेलला उत्तर आलं, आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

बँकेत साहेब म्हणाले, तुमचा निष्काळजीपणा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक भाच्याने छापून दिलं होतं, ते पुढे ठेवलं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, असं त्यात लिहिलंय. साहेबांनी ते उलटं करून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, हे हेड ऑफिसला पाठवा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्याच, शिक्का-तारखेसकट. शिक्का मारायला का-कू करतील, हलू नका. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेलोय. पोच नसती तर तिथेही हात हलवत परत आलो असतो.

पोलीस ठाण्यात तर कहर. आधी, “हे सायबरचं, साताऱ्याला जा.” साताऱ्यात, “सायबरच्या पोर्टलवर केलीय ना तक्रार? मग स्थानिक ठाण्यात द्या.” गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यायचा, हद्दीचं कारण सांगायचं नाही, हे नव्या कायद्यात आहे म्हणतात. मी हवालदाराला तसं म्हटलं तर तो म्हणाला, “तुम्ही वकील का?” शेवटी अर्ज घेतला आणि त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, अर्जदाराने माहिती स्वतःहून दिली. मी ते वाक्य खोडायला लावलं. अर्धा तास लागला, पण खोडायला लावलं. तुम्हीही सही करायच्या आधी वाचा.

आणि आता नवीन चालू झालंय. ‘सायबर रिकव्हरी’वाल्यांचे फोन येतात, पैसे परत मिळवून देतो, आगाऊ फी २,५०० रुपये. त्यातल्या एकाने माझ्या तक्रारीचा क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला. तो त्याच्याकडे कसा पोचला हे विचारायला परत ठाण्यात गेलो, तर म्हणाले, त्याचा वेगळा अर्ज द्या.